हाशिमा बेटाची भेट आणि आमच्या गावची बंद खाण : एक प्रकरण अभ्यास

प्रश्न कसा उभा राहिला

वणी तालुक्यातील आमच्या गावाच्या शिवेवर एका भूमिगत कोळसा खाणीच्या इन्क्लाईनचे, म्हणजे तिरकस खाली उतरणाऱ्या बोगद्याचे, तोंड आहे. खाण बंद होऊन बरीच वर्षे झाली. तोंडावर विटांची जाड भिंत घातलेली आहे, हॉलेजच्या, म्हणजे दोराने कोळशाचे डबे ओढणाऱ्या यंत्राच्या, खोलीचे छप्पर गेले आहे आणि जिथे एकेकाळी पाळीच्या वेळी दोनशे माणसे उभी राहत, त्या हजेरी ऑफिसच्या ओट्यावर आता दुपारी शेळ्या बसतात. गेल्या वर्षी ग्रामसभेपुढे असा ठराव आला की ही जागा स्वच्छ करून, भिंतीला दार बसवून, पर्यटकांसाठी खुली करावी. ठराव मांडणारी गावातील तरुण मुले होती आणि त्यांच्यापुढे नागपूर जिल्ह्यातील सावनेरचे उदाहरण होते, जिथे २०१६ पासून चालू खाणीचे दर्शन घडवणारे पर्यटन सुरू झाले. विरोध करणारे बहुतेक खाणीतून निवृत्त झालेले कामगार होते, आणि त्यांचे म्हणणे एवढेच होते की आतली हवा मेलेली आहे.

दोन्ही बाजू ऐकून ग्रामसभेने पाच जणांची समिती नेमली. शाळेत भूगोल शिकवते म्हणून त्यात माझे नाव आले. त्याच सुमारास माझी मुलगी जपानमध्ये फुकुओका येथे शिकत होती आणि मी व माझे वडील तिच्याकडे जाणार होतो. वडिलांनी चौतीस वर्षे खाणीत काढली. लोडर, म्हणजे कोळसा भरणारा कामगार, म्हणून लागले आणि मायनिंग सरदार, म्हणजे पाळीतल्या माणसांच्या सुरक्षेची जबाबदारी असलेला माणूस, म्हणून निवृत्त झाले. नागासाकीजवळच्या समुद्रातील हाशिमा या ओसाड खाण-बेटाविषयी मी वर्गात शिकवत आले होते. बंद पडलेली खाण लोकांना दाखवण्याची व्यवस्था तिथे कशी केली आहे हे पाहून लेखी टिपण द्यावे, असे समितीने मला सांगितले. बंद खाण पाहायला आलेल्या माणसाला नेमके काय दाखवायचे, त्याला कोठपर्यंत जाऊ द्यायचे आणि त्याच्याशी कोणी बोलायचे, हे तीन प्रश्न घेऊन मी गेले. ते टिपण वाढवून हा अभ्यास लिहिला आहे.

साडेपंधरा एकरांवरचे गाव

हाशिमाचे क्षेत्रफळ सुमारे ६.३ हेक्टर आहे, म्हणजे जेमतेम साडेपंधरा एकर. आमच्याकडे एखाद्या बऱ्यापैकी शेतकऱ्याचे वावर एवढे असते. मूळचा खडक तर याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच होता. समुद्रात भर घालून आणि भोवती तट बांधून तो टप्प्याटप्प्याने वाढवला गेला. १८९० साली मित्सुबिशी कंपनीने ही खाण विकत घेतली आणि समुद्रतळाखालचा कोळसा काढण्यास सुरुवात केली. हा कोळसा पोलाद तयार करण्यास उपयुक्त असल्यामुळे त्यातील बराचसा यावाता येथील पोलाद कारखान्याला जात असे. १८९१ ते १९७४ या काळात बेटाखालून सुमारे १ कोटी ५७ लाख टन कोळसा निघाला.

कामगारांना राहायला जागा नव्हती म्हणून घरे आकाशाकडे वाढवावी लागली. १९१६ साली येथे उभी राहिलेली सात मजली इमारत ही जपानमधील लोखंडी सळयांच्या काँक्रीटची पहिली उंच निवासी इमारत मानली जाते. १९५९ साली या साडेपंधरा एकरांवर ५,२५९ माणसे राहत होती. शाळा, दवाखाना, चित्रपटगृह, देऊळ, सगळे त्यातच. पिण्याचे पाणी सुरुवातीला जहाजाने येई. १९५७ साली समुद्राच्या तळातून नळ टाकण्यात आला. हिरवळ म्हणून काही नव्हते, तेव्हा घरांच्या छपरांवर माती नेऊन तिथे भाजीपाला लावण्यात आला. पुढे जपानने कोळसा सोडून खनिज तेलाची कास धरली आणि १५ जानेवारी १९७४ रोजी खाण बंद झाली. शेवटचे रहिवासी २० एप्रिलला बेट सोडून गेले. तीन महिन्यांत एक अख्खे गाव उठले, ही गोष्ट मी वर्गात अनेकदा सांगितली होती; पण ज्याच्या गावची खाण बंद झाली आहे अशा माणसाला शेजारी घेऊन ती पाहणे निराळे असते.

बेटावर

फुकुओकाहून नागासाकीला आम्ही रेल्वेने गेलो आणि बंदरावर बोटीची तिकिटे घेतली. पहिल्या दिवशी उतरता आले नाही. आकाश स्वच्छ होते, समुद्र आमच्या नजरेला शांतच वाटत होता, तरी बोट बेटाला प्रदक्षिणा घालून परत फिरली. कारण नियम आकड्यांत लिहिलेले आहेत : लाटांची उंची अर्ध्या मीटरपेक्षा जास्त असेल, वारा सेकंदाला पाच मीटरपेक्षा जोरात असेल किंवा दृष्टी पाचशे मीटरपलीकडे पोचत नसेल, तर कोणालाही उतरवायचे नाही. बोटीत लांबून आलेले लोक होते, काही जण नाराजही झाले, पण कोणी हुज्जत घातली नाही आणि बोटीच्या चालकानेही कोणाचे मन राखण्यासाठी धक्क्याला बोट लावून पाहिली नाही. माझ्या वडिलांना ही गोष्ट फार आवडली. ते म्हणाले, "सरदारानं जागा बंद म्हटली की बंद. मग मॅनेजर आला तरी बंद."

दुसऱ्या दिवशी उतरलो. उतरण्यापूर्वी प्रत्येकाकडून नियम पाळण्याच्या हमीपत्रावर सही घेतली जाते. छत्री उघडायची नाही, उंच टाचांची पादत्राणे घालायची नाहीत, आखलेली वाट सोडायची नाही. हे बेट लोकांसाठी २२ एप्रिल २००९ रोजी खुले झाले, म्हणजे खाण बंद झाल्यानंतर पस्तीस वर्षांनी, आणि तेही फक्त दक्षिणेकडच्या टोकाला बांधलेल्या दोनशे मीटरहून थोड्या अधिक लांबीच्या वाटेपुरते. वाटेवर तीन ठिकाणी थांबायचे. बाकीचे बेट, म्हणजे ज्या उंच इमारतींची छायाचित्रे पाहून लोक येतात तो बहुतेक भाग, लांबूनच पाहायचा.

पहिल्या थांब्यावरून कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्याचे काँक्रीटचे खांब रांगेने उभे दिसतात आणि त्यांच्या पलीकडे शाळेची सात मजली इमारत. दुसऱ्या थांब्यावर लाल विटांची एक भिंत उरली आहे. ती खाणीच्या कार्यालयाची. तिच्या बाजूला वर जाणारा एक जिना आहे आणि तो दुसऱ्या क्रमांकाच्या शाफ्टकडे, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या उभ्या विहिरीकडे, नेत असे. या शाफ्टमधून पिंजरा सहाशे मीटरपेक्षाही खोल जाई. तिथून पुढे तिरकस बोगद्यांनी समुद्राच्या तळाखालच्या कोळशापर्यंत पोचायचे; तिथले तापमान तीस अंशांच्या वर आणि हवेत दमटपणा पंचाण्णव टक्क्यांपर्यंत. वाटाड्याने हे सांगितले तेव्हा मुलीने ते मराठीत आजोबांना सांगितले. वडिलांनी डोक्यावरची टोपी काढली आणि जिन्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी नातीला विचारायला सांगितले की पाळी सुटल्यावर सगळी माणसे वर आली की नाही हे इथे कसे मोजत होते, बत्तीच्या नंबरावरून की टोकनावरून. वाटाडा तरुण होता, नम्र होता. त्याने प्रश्न दोनदा समजून घेतला आणि आपल्याला हे ठाऊक नाही असे प्रामाणिकपणे सांगितले.

माझ्या मते या भेटीतील सर्वात महत्त्वाचा क्षण हा होता. बेटाची लांबी-रुंदी, इमारतींची वर्षे, लोकसंख्या हे सर्व वाटाड्याला तोंडपाठ होते. पण माणूस जिवंत वर आला हे कसे कळत असे, हा खाणीत काम केलेल्या माणसाचा पहिला प्रश्न, आणि त्याचे उत्तर देणारे कोणी आमच्या त्या फेरीत नव्हते. परतताना वडील बोटीत म्हणाले, "आपण घरं पाहून राह्यलो, बाई. खाण तर खाली आहे, अन् तिच्यावर समुद्र आहे."

तिसऱ्या थांब्यावरून १९१६ ची ती इमारत दिसते. तिचे मजले खचत चालले आहेत. समुद्राच्या वाऱ्यातील मीठ काँक्रीटमध्ये झिरपते, आतील सळया गंजतात, गंजलेले लोखंड फुगून जास्त जागा घेते आणि भोवतालचे काँक्रीट आतून फोडून टाकते. हे एकदा सुरू झाले की वरून गिलावा करून थांबत नाही. २०१८ आणि २०२० च्या वादळांनी धक्क्याची व वाटेचीही नासधूस केली आणि बेटावर उतरणे काही महिने बंद ठेवावे लागले.

येथे एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे, कारण ती आमच्या गावालाही लागू पडते. ५ जुलै २०१५ रोजी हाशिमाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली ती एकट्याला नव्हे, तर मेजी काळातील जपानी औद्योगिक क्रांतीच्या एकूण तेवीस स्थळांपैकी एक म्हणून. आणि त्या नोंदीने गृहीत धरलेला काळ १९१० पर्यंतचा आहे. म्हणजे १९१६ ची इमारत आणि तिच्यानंतरच्या उंच चाळी त्या काळात बसतच नाहीत. बसतात ते शाफ्टचे अवशेष आणि समुद्राचे जुने तट. लोक पाहायला येतात एक आणि कागदावर मोल ठरले आहे दुसऱ्याच गोष्टीचे. आमच्याकडे ठराव मांडणाऱ्या मुलांनाही इन्क्लाईनचे काळोखे तोंड दाखवायचे होते, आणि माझे वडील सारखे हजेरी ऑफिसच्या ओट्याविषयी बोलत होते.

ज्याविषयी थोडेच बोलले गेले

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या बेटाखाली कोरियन आणि चिनी माणसांना त्यांच्या इच्छेविरुद्ध आणून कामाला लावण्यात आले होते. मी हे वाचून गेले होते. आमच्या फेरीत त्याचा उल्लेख झाला तो मुलीने विचारल्यावर, आणि एक-दोन वाक्यांत. २०१५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीच्या बैठकीत जपानच्या प्रतिनिधींनी हे मान्य केले होते की १९४० च्या दशकात काही स्थळांवर अनेक कोरियन व इतर लोकांना मनाविरुद्ध आणून कठोर परिस्थितीत राबवले गेले, आणि त्यांची आठवण राखणारे माहिती केंद्र उभारण्याची तयारीही दाखवली होती. ते केंद्र २०२० साली उघडले, पण टोकियोत. ते ज्या प्रकारे माहिती देते त्याविषयी वारसा समितीने २०२१ साली तीव्र खेद व्यक्त केला. बेट नागासाकीजवळ आणि त्या माणसांची आठवण शेकडो किलोमीटर दूर, ही मांडणी मला मनापासून खटकली. जिना जिथे आहे तिथेच हे सांगितले गेले पाहिजे, कारण त्याच जिन्याने ते लोक खाली गेले.

त्या रात्री मुलीच्या खोलीवर वडिलांनी एक गोष्ट सांगितली, जी मी पन्नाशीला येईपर्यंत ऐकली नव्हती. त्यांची आई, म्हणजे माझी आजी, युद्धाच्या काळात चांदा भागातल्या एका खाणीत खाली जाऊन टब, म्हणजे कोळशाचे डबे, भरत असे.

याची पार्श्वभूमी थोडी सांगते. स्त्रियांनी भूमिगत खाणीत काम करण्यावर आपल्याकडे १९३७ पर्यंत टप्प्याटप्प्याने पूर्ण बंदी आली होती. युद्धात कोळशाचा तुटवडा पडला तेव्हा १९४३ साली सरकारने ती बंदी तात्पुरती उठवली, आणि त्यात आपला मध्य प्रांतही होता. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. डिसेंबर १९४३ मध्ये त्यांनी धनबादकडील कोळसा खाणींना भेट दिली होती आणि ते स्वतः खाली उतरले होते. फेब्रुवारी १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. आजीचे खाणीतले दिवस या दोन-अडीच वर्षांतले.

मी हाशिमावरच्या कोरियन माणसांची आणि आजीची तुलना करत नाही. ती आपल्या पायांनी गेली, तिला मजुरी मिळाली, ती संध्याकाळी घरी आली. त्यांना समुद्रापार आणले गेले आणि बेटावरून परतीची वाट नव्हती. हा फरक पुसून टाकणे दोन्हीकडच्या माणसांवर अन्याय करणारे ठरेल. पण एका बाबतीत दोघेही सारखे आहेत : त्यांच्या कामाची खूण वर कोठेही उरलेली नाही. आमच्या गावातच बिलासपूरकडून आलेली, तेलंगणातून आलेली, गोरखपूरकडून आलेली कुटुंबे खाणीमुळे स्थायिक झाली. त्यांची मुले आता अस्सल वऱ्हाडी बोलतात, आणि त्यांचे आजोबा कोणत्या कंत्राटावर, कोणाच्या शब्दावर इथे आले हे त्यांना स्वतःलाही धड माहीत नाही.

ग्रामसभा

परतल्यावर समितीच्या तीन बैठका झाल्या. भिंतीला दार बसवण्याचा मुद्दा सर्वांत आधी घेतला आणि त्यावर माझे मत मी स्पष्ट नोंदवले की भिंत फोडता कामा नये. बंद भूमिगत खाणीत उरलेला कोळसा हळूहळू हवेतील प्राणवायू शोषून घेत राहतो आणि कार्बन डायऑक्साइड साठतो. ही हवा जड असते, सखल बाजूला बसते, तिला वास नसतो. माणसाला काही कळण्यापूर्वी त्याचे गुडघे वळतात आणि त्याला काढायला गेलेला दुसराही तिथेच पडतो. वादळाआधी बाहेरच्या हवेचा दाब उतरला की खाण आतली हवा तोंडाकडे सोडते, म्हणून भिंतीच्या भेगेजवळ उभे राहणेही दरवेळी सारखे सुरक्षित नसते. उलट बाहेरची ताजी हवा आत गेली तर पडून असलेला कोळसा आपोआप तापून पेट घेऊ शकतो. जिथे छताला आधार म्हणून सोडलेले कोळशाचे खांब, म्हणजे पिलर, काढून घेतले आहेत तिथे वरची जमीन खचते. पावसाळ्यात आमच्या दोन शेतकऱ्यांच्या वावरांत भेगा पडतात त्या याच कारणाने. "आतली हवा मेलेली आहे" हे म्हाताऱ्या कामगारांचे वाक्य मुलांना अंधश्रद्धेसारखे वाटत होते. ते खाणशास्त्र होते, फक्त त्यांच्या भाषेत सांगितलेले.

मुलांची बाजू मात्र मी हलकी मानत नाही. गावात काम नाही, कापसाचा भरवसा नाही, आणि चार माणसे बाहेरून आली तर एखादे चहाचे दुकान, एखादा ऑटो चालेल एवढीच त्यांची अपेक्षा होती. त्यांना "नाही" एवढेच सांगून उठणे बरोबर झाले नसते. म्हणून हाशिमाच्या दोनशे मीटरच्या वाटेचा मी त्यांच्यापुढे उल्लेख केला. साडेपंधरा एकरांच्या बेटावरही लोकांना एवढाच तुकडा दाखवला जातो आणि त्यासाठी दूरदेशीहून माणसे येतात. तेव्हा आमची वाट हजेरी ऑफिसपासून हॉलेजच्या खोलीपर्यंत, कुंपणाच्या आतून, जमिनीवरूनच असावी आणि तीही जागा ज्यांच्या ताब्यात आहे त्या व्यवस्थापनाची लेखी परवानगी आल्यावर. शिवाय पावसाळ्याचे चार महिने ती पूर्ण बंद राहावी. त्यांच्यापैकी एकाने विचारले की मग पाहायला उरले काय. हा प्रश्न रास्त होता.

त्याचे उत्तर वडिलांनी दिले, आणि तेही न ठरवता. ते उठले, त्यांनी बैठकीतील मुलांना सोबत घेतले आणि हजेरी ऑफिसच्या ओट्यावर जाऊन कोण कुठे उभे राहायचे ते दाखवले. सरदार इथे, लोडर तिथे, बत्तीघराची खिडकी ही. बत्ती घेताना नंबर द्यायचा, पाळी सुटली की बत्ती परत. खिडकीमागे एक जरी खिळा रिकामा राहिला तर कोणी घरी जायचे नाही. खिळे अजून भिंतीत आहेत. मुले ते मोजू लागली. जपानमध्ये ज्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही ते आमच्या गावात त्या भिंतीवर होते, आणि ते सांगणारी माणसे अजून अकरा उरली आहेत. हाशिमावरची माणसे तीन महिन्यांत चहूकडे पांगली. आमची माणसे त्याच गल्ल्यांत राहत आहेत, म्हणून ही सवड आम्हाला मिळाली आहे, आणि ती फार दिवस राहणार नाही, कारण अकरातील सर्वात लहान माणूस एकोणसत्तर वर्षांचा आहे.

ग्रामसभेने भिंत न फोडण्याचा निर्णय घेतला आणि वाटेसाठी परवानगीचा अर्ज पाठवला. अर्जाला अद्याप उत्तर आलेले नाही. दरम्यान शाळेच्या आठवी-नववीच्या मुलांनी खाणीत काम केलेल्यांची नोंदवही सुरू केली आहे. तिच्यात नाव, मूळ गाव, कोणी आणले, काम, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, आणि सोडण्याचे कारण असे सहा रकाने आहेत. "कोणी आणले" हा रकाना असावा की नाही यावर समितीत बराच वाद झाला, कारण काही कुटुंबांना तो दुखावणारा वाटू शकतो. मी तो ठेवण्याचा आग्रह धरला. ज्याला सांगायचे नसेल त्याने तो मोकळा ठेवावा, पण रकाना वहीत असावा.

पहिली नोंद वडिलांची घ्यायची असे मुलांनी ठरवले होते. ते म्हणाले, "माही दुसरी लिहा." मग त्यांनी आपल्या आईचे नाव सांगितले, ते लिहिणाऱ्या विद्यार्थिनीने नीट लिहिले की नाही हे जवळ वाकून पाहिले, आणि कामाच्या रकान्यात टब भरणे, पुढे १९४४ ते १९४६ आणि शेवटच्या रकान्यात "बंदी परत लागली" असे लिहून घेतले.